चौकटीतला दिवा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात, शिक्षकांच्या मुलाखतींची फिल्म दाखवण्यापूर्वी केलेलं भाषण)



थोड्याच वेळात आपण आपल्या नऊ शिक्षकांवरची फिल्म पाहणार आहोत. त्याआधी मी पंधरा मिनिटं बोलावं, असं संयोजकांनी सुचवलं. विषयही त्यांनीच दिला. म्हणाले, 'लाइटिंग तू केलंस ना, मग लाइटिंगवर बोल.' सॉफ्टवेअर इंजिनिअरला दिव्यांवर बोलायला लावणं म्हणजे पीटीच्या सरांना संस्कृतच्या तासाला पाठवण्यासारखं आहे. पण आपल्या शाळेत ऑफ तासाला तेही होत असे, आणि ते तास चांगले लक्षात राहिलेत.

फिल्म पाहून पुष्कळ जण विचारतील, 'लाइट कुठून आणले? भाडं किती पडलं?' त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते. लाइट भाड्याने आणलेच नाहीत. फोनवरून रंग बदलता येतो ते घरगुती स्मार्ट बल्ब वापरले. दुकानात पाच-सातशे रुपयांपासून मिळतात. अशा सहा बल्बांवर ही सगळी फिल्म झाली आहे. हे कसं जमतं आणि कुठे जपावं लागतं, ते आज सांगणार आहे. कारण ही यादी नऊ नावांवर थांबू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपल्याला 'प्रॅक्टिकल' म्हटलं की जर्नल आठवतं, लिटमस पेपर आठवतो आणि शेजारच्याच्या वहीतून उतरवलेली निरीक्षणं आठवतात. सिनेमावाल्यांचं प्रॅक्टिकल वेगळं. चौकटीत प्रत्यक्ष दिसणाऱ्या दिव्याला ते प्रॅक्टिकल म्हणतात. टेबलावरचा लॅम्प, देवघरातली समई, टपरीवरची ट्यूब, चालू असलेला टीव्ही. बाकीचे दिवे कॅमेऱ्यामागे लपलेले असतात, हा मात्र एखाद्या पात्रासारखा समोर असतो. त्याची कामं दोन. उजेड कुठून येतोय, याचं कारण तो प्रेक्षकाला देतो. आणि मागे कोपऱ्यात एक दिवा लागला की खोलीला खोली येते, माणूस भिंतीला चिकटवल्यासारखा दिसत नाही.

पूर्वी हा दिसणारा दिवा बराचसा शोभेचाच असे. फिल्म इतकी मंद होती की साध्या दिव्याचा उजेड तिला पुरतच नसे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' केला तो सूर्याच्या भरवशावर. पुढे स्टुडिओत मोठमोठे दिवे आले. पण आपल्याकडच्या छायाचित्रकारांनी थोडक्या साधनांत काय काय केलं आहे, ते ऐकण्यासारखं आहे. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'साठी, १९५६ साली, बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं गेलं तेव्हा सुब्रत मित्रांनी वर पांढरं कापड ताणलं आणि त्यावर दिवे मारून परतलेला मऊ उजेड खाली घेतला. खऱ्या अंगणात आभाळातून येतो तसाच. १९५९ साली 'कागज़ के फूल'मध्ये व्ही. के. मूर्तींनी आरशांनी सूर्यप्रकाश वळवून स्टुडिओत आणला आणि तो जाडजूड तिरपा झोत तयार केला. एकाने चादरीचं काम करून घेतलं, दुसऱ्याने आरशाचं.

नुसत्या दिसणाऱ्या दिव्यावर चित्रण करायचं तर कुब्रिकला १९७५ साली 'बॅरी लिंडन'मधल्या मेणबत्त्यांच्या प्रसंगांसाठी नासाकरिता बनवलेली एफ ०.७ ची झाइस लेन्स मिळवावी लागली होती. आज तुमच्या खिशातला फोन दिवेलागणीच्या वेळचं घर बऱ्यापैकी टिपतो. कॅमेरा इतका संवेदनशील झाल्यामुळे घरातला दिवा आता शोभेपुरता राहिलेला नाही. तो खरोखर काम करतो.

आता बल्बाच्या पोटात काय असतं ते पाहू. विज्ञानाच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे जपून बोलते. लाल एलईडी १९६२ पासून आहे. नंतर हिरवी आली. निळी मात्र काही केल्या नीट जमत नव्हती, आणि निळीशिवाय पांढरा उजेड होत नव्हता. १९९० च्या दशकात ती जमली. त्या कामासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या घरातला साधा एलईडी बल्ब म्हणजे निळी एलईडी आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा लेप. रंग बदलणाऱ्या बल्बात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन वेगळ्या एलईडी असतात. चांगल्या बल्बात त्यांच्या जोडीला पांढऱ्या एलईडीही असतात, एक पिवळसर आणि एक निळसर. शिवाय वाय-फायची छोटी चिप.

विकत घेताना त्या वेगळ्या पांढऱ्या एलईडी आहेत का, ते खोक्यावर वाचून घ्या. सगळं त्यावर अवलंबून आहे. लाल, हिरवा आणि निळा मिसळून पांढरा होतो हे आपण सातवी-आठवीत शिकलो. भिंतीवर तो पांढरा दिसतोही. पण तो तीन अरुंद पट्ट्यांचा पांढरा आहे, मधले रंग त्यात नसल्यासारखेच. वस्तू आपल्याला दिसते ती तिच्यावरून परतलेल्या रंगाने. जो रंग दिव्यातच नाही तो परतणार कुठून? भिंतीला याचा फरक पडत नाही, माणसाच्या कातडीला पडतो. अशा उजेडात चेहरा कधी गुलाबट दिसतो, कधी हिरवट, कधी आजारी. आणि नुसता निळा दिवा लावला तर कपाळावरचं लाल कुंकू चक्क काळं दिसतं.

मुलाखती घेताना आम्हाला याची फार काळजी होती. वीस वर्षांनी आपल्या बाई कशा दिसायच्या, हे कुणाला दाखवायचं असेल तर हीच फिल्म उघडली जाईल. त्यात त्यांचा रंग खोटा येऊन चालणार नव्हतं. म्हणून आमचा एक नियम ठरला. रंग भिंतीला, पांढरा चेहऱ्याला. चेहऱ्यावर पडणारा प्रत्येक उजेड पांढऱ्या एलईडीचाच. निळं, केशरी जे काय करायचं ते मागच्या बाजूला, तेही अगदी फिकं.

गणिताच्या बाईंच्या घरची गोष्ट सांगते. बाई आज आल्या आहेत, त्यांची परवानगी घेतली आहे. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं होतं आणि झगझगीत उजेड सहन होत नव्हता. फोनवर म्हणाल्या, 'तुमचे ते लग्नातल्यासारखे फोकस आणणार असाल तर मी नाही बसणार गं.' त्यांच्या पुढच्या खोलीत एकच ट्यूब, भिंतीवर, उंच. वरून येणाऱ्या त्या उजेडात डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि माणूस आहे त्याहून दहा वर्षांनी म्हातारा दिसतो. ती ट्यूब आधी बंद केली.

मग तीन दिवे लावले. पहिला त्यांच्या मागे तिपाईवर, कापडी शेड असलेल्या लॅम्पमध्ये. पिवळसर, २७०० केल्विन, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाचा रंग. हा चौकटीत दिसतो. दुसरा दिवाळीच्या पांढऱ्या कागदी आकाशकंदिलात घालून त्यांच्या डाव्या हाताला, चौकटीच्या जरा बाहेर टांगला. सिनेमाच्या सेटवरही असे कागदी गोळे वापरतात. एलईडी फारशी तापत नाही, त्यामुळे कागद करपण्याची भीती जवळजवळ नाही, आणि एवढ्या मोठ्या गोळ्यातून येणारा उजेड डोळ्यांना टोचत नाही. तिसरा आत, स्वयंपाकघराच्या दारापाशी, थोडा निळसर, संध्याकाळ झाल्यासारखा. दुसऱ्या बाजूची सावली फार गडद वाटली तिथे थर्माकोलचा पांढरा तक्ता धरला. तो धरून चाळीस मिनिटं उभा राहिलेला आपला वर्गमित्र आज एका बँकेत मोठ्या पदावर आहे. शाळेत बाकावर उभं राहायची सवय कामी आली, असं तोच म्हणाला.

बाई बसल्या आणि विचारलं, 'लाइट कधी लावणार?' 'लागलेत बाई,' असं सांगितल्यावर त्या मोकळेपणी बोलायला लागल्या. फिल्ममध्ये तुम्हाला वाटेल की सगळा उजेड त्या मागच्या लॅम्पमधून येतोय. तसं नाही. तो लॅम्प मुद्दाम मंद ठेवला होता, नाही तर कॅमेऱ्यात त्याचा नुसता पांढरा डाग झाला असता. चेहरा उजळतोय तो आकाशकंदील. दिसणारा दिवा फारसा उजेड देत नाही आणि उजेड देणारा दिवा दिसत नाही. फक्त दोघांचा रंग जुळला पाहिजे, मग कुणाला शंका येत नाही.

आता ज्यांना हे घरी करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी जर्नलमध्ये लिहायचो तशी 'दक्षता'.

एक, फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करून एका आकड्यावर पक्का करा. नाही तर तुम्ही दिवा पिवळा कराल आणि फोन तो परत पांढरा करत बसेल. दोघांची अशी ओढाताण चित्रात दिसते.

दोन, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे त्यावर थेट चालणारे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. आपल्या डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला की पट्टे पळत नाहीत. फोनमध्ये ही सोय नसेल तर तशी कॅमेरा ॲप मिळतात.

तीन, बरेचसे स्मार्ट बल्ब मंद होतात म्हणजे झपाझप चालू-बंद होतात. आपल्याला तो उजेड कमी वाटतो, कॅमेऱ्यात मात्र आडव्या रेघा येऊ शकतात. आधी फोनच्या स्लो मोशनमध्ये बल्ब पाहून घ्या. रेघा दिसल्या तर बल्ब निम्म्याहून खाली आणू नका, उजेड दुसऱ्या मार्गाने कमी करा. बटर पेपर लावा, ओढणी टाका, नाही तर दिवा लांब न्या. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथा हिस्सा राहतो. हे सूत्र आपण परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ते इतकं उपयोगी आहे हे मला आकाशकंदील पुढे-मागे करताना कळलं.

चार, गडद रंगात उजेड कमी होतो. नऊ वॅटचा बल्ब पांढऱ्यात जुन्या साठ वॅटच्या बल्बाएवढा उजेड देतो. गडद निळा किंवा लाल केला की त्यातली एकच एलईडी पेटते. शिवाय गडद लाल-निळा कॅमेऱ्याला झेपत नाही, त्या भागातला तपशील पुसून नुसता रंगाचा गोळा उरतो. म्हणून रंग नेहमी फिका घ्या.

पाच, आपल्या घरांत बहुतेक होल्डर पिनचे आणि शोभेच्या लॅम्पमध्ये पुष्कळदा आट्याचे. दोन्हीसाठी जोडणी बरोबर ठेवा. नाही तर बल्ब आहे, लॅम्प आहे आणि दोघांची गाठच पडत नाही.

आता थोडं माझ्या धंद्याचं. संस्कृतच्या सरांनी मुलाखतीत सांगितलं, की त्यांचं मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण कंदिलाच्या उजेडात झालं. सरांच्या माळ्यावर तो कंदील अजून होता. तो पुसून टेबलावर ठेवला, पेटवला आणि सरांना पुस्तक घेऊन बसवलं. कंदील चौकटीत सुरेख दिसत होता, पण त्याचा उजेड सरांच्या चेहऱ्यापर्यंत पोचत नव्हता. म्हणून पुस्तकांच्या चळतीआड एक बल्ब दडवला, ज्योतीच्या रंगाचा. ज्योतीचा रंग साधारण १९०० केल्विन असतो. पुष्कळ बल्बांचा पांढरा इतका पिवळा होत नाही, म्हणून त्यात चिमूटभर केशरी मिसळलं. चेहऱ्यावर रंग घ्यायचा नाही, या नियमाला हा एकच अपवाद, कारण इथे खरा दिवाच त्या रंगाचा होता.

ॲपमध्ये 'कँडल' नावाची सोय असते. ती ठरावीक चालीने लुकलुकते, दोन मिनिटांत डोळ्यांना कळतं की हे यंत्र आहे. खरी ज्योत तशी नसते. ती बहुतेक वेळ स्थिर असते, किंचित वर-खाली होते आणि मधूनच वाऱ्याची झुळूक आली की दबून पुन्हा उभी राहते. मी पायथनमध्ये वीसेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. पुढचा आकडा आधीच्या आकड्याच्या आसपासच ठेवायचा आणि क्वचित एक झुळूक टाकायची. आज्ञाही बेताने पाठवायच्या, कारण सेकंदाला फार आज्ञा आल्या की काही बल्ब गोंधळतात. बदल हळूहळू करायचं काम बल्बावरच सोपवायचं. हे सगळं घरच्या राउटरवरच चालवता येतं, मात्र बहुतेक बल्बांना २.४ गिगाहर्ट्झचंच वाय-फाय लागतं. परक्या घरी त्यांच्या वाय-फायला हात लावण्यापेक्षा आपला छोटा राउटर नेलेला बरा.

आणि लाइट जाणार हे धरूनच चला. पुष्कळ स्मार्ट बल्ब वीज परत आली की आधीचं सगळं विसरून भगभगीत पांढरे लागतात. ॲपमध्ये 'वीज आल्यावर शेवटची स्थिती' अशा अर्थाची सेटिंग असते, ती लावून ठेवा. सरांच्या घरी नेमकी लाइट गेली. सगळे बल्ब विझले, कंदील तेवढा जळत राहिला. सर पुस्तकातून डोकं न काढता म्हणाले, 'हा बघा, याला तुमचं ॲप लागत नाही.' तो तुकडा आम्ही फिल्ममध्ये ठेवला आहे.

आता जे सांगायचं आहे ते थोडं जड आहे.

आपल्या चित्रकलेच्या सरांचं नाव या यादीत होतं. त्यांची तारीख ठरली होती. त्या तारखेच्या अकरा दिवस आधी सर गेले. उजेड आणि सावली बघायला आपल्याला त्यांनीच शिकवलं. खिडकीपाशी माठ ठेवून ते म्हणायचे, उजेड कुठून येतो ते आधी शोधा, माठ नंतर काढा. फिल्ममध्ये सर नाहीत. त्यांच्या मुलीने त्यांची चित्रं बाहेर काढून दिली. आम्ही ती एका दिव्याने, डाव्या बाजूने, अगदी तिरप्या उजेडात घेतली. समोरून उजेड मारला तर चित्र सपाट दिसतं. तिरप्या उजेडात ब्रशचा प्रत्येक फटकारा उठून येतो, रंगाचा थर कुठे जाड आहे तेही कळतं. त्यांचा हात कसा चालत होता, तेवढं त्यातून दिसतं. आवाज मात्र आपल्याकडे नाही.

म्हणून विनंती करते. चांगला कॅमेरा मिळू दे, कुणी लाइटवाला मिळू दे, दिवाळी होऊ दे, असं म्हणत थांबू नका. शाळेच्या जुन्या हजेरीपटावरून काढलेली चौदा नावं अजून माझ्याकडे आहेत. त्यात शिक्षक आहेत, प्रयोगशाळेतले मामा आहेत आणि घंटा देणारे आपले शिपाईमामाही आहेत. त्यांच्यातले सगळ्यात तरुण सत्तरीचे आहेत. प्रत्येकाच्या घरी एक खिडकी आहे, एक लॅम्प ठेवण्याजोगी जागा आहे आणि तुमच्या खिशात कॅमेरा आहे.

आमचे सहाही बल्ब मी एका पेटीत भरून आज शाळेला देत आहे. दोन्ही प्रकारचे होल्डर, दोन पांढरे आकाशकंदील, एक्स्टेंशन बोर्ड, थर्माकोलचा तक्ता, छोटा राउटर आणि मघाशी सांगितलेली दक्षता एका कागदावर, असं सगळं त्यात आहे. कंदिलाचा प्रोग्रॅमही पेनड्राइव्हवर आहे. पेटी प्रयोगशाळेच्या कपाटात राहील. माजी विद्यार्थ्यांनी वहीत नाव लिहून आठवडाभरासाठी न्यावी. आताच्या आठवी-नववीतल्या मुलांना स्नेहसंमेलनाची फिल्म करायची असेल तर पहिला हक्क त्यांचा. बल्ब फुटला तर दंड नाही, नवा आणून ठेवायचा. चौदा नावांची यादी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. ज्यांची मुलाखत झाली त्यांच्या नावापुढे तारीख लिहा.

आता सभागृहाचे दिवे बंद करायला सांगते. हे मात्र ॲपवर नाहीत. मागच्या दाराशी जो उभा असेल त्याने बटण दाबावं.